ताकदीचं पाणी

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझ्याकडे लेख मागायला आलेल्या संपादकबाईंनी विषय दिला, "रुग्णसेवेची तीस वर्षं". मी त्यांना बसवून चहा दिला आणि सांगितलं की सेवा वगैरे मी काही केलेली नाही, नोकरी केली, महिन्याला पगार घेतला. सेवा म्हटलं की माणूस आपल्या चुका लिहीत नाही. मला एक चूक लिहायची आहे. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण चहा चांगला झाला होता, त्यामुळे त्या हो म्हणाल्या.

मी रायपूरच्या एका दवाखान्यात डायलिसिस टेक्निशियन होते. माझे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. मी कामाला लागले तेव्हा आमच्या युनिटमध्ये दोन मशिनं होती, निवृत्त झाले तेव्हा सोळा. मशिनं वाढली याचा अभिमान कसा बाळगावा ते मला अजून कळलेलं नाही, कारण मशिनं वाढली म्हणजे माणसं वाढली.

आमचं काम म्हणजे पडद्याचं काम. किडनी बंद पडली की रक्तातला कचरा आणि जास्तीचं पाणी बाहेर जायला वाट राहत नाही. आम्ही रक्त नळीनं बाहेर काढतो आणि हातभर लांबीच्या एका नळकांड्यातून फिरवतो. त्या नळकांड्यात केसासारख्या बारीक हजारो नळ्या असतात. त्यांच्या आतून रक्त जातं, बाहेरून औषधी पाणी. मधल्या भिंतीला इतकी बारीक छिद्रं असतात की रक्ताच्या पेशी त्यातून जात नाहीत, पण युरिया जातो, पोटॅशियम जातं. जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिथे, आपोआप. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळानं पाणी सुटतं, भिजवलेली मनुका टम्म फुगते, ते सगळं याच खात्यातलं. रोज स्वयंपाकघरात हे चालू असतं. आपण त्याला शास्त्र म्हणत नाही एवढंच.

हे समजावून सांगण्यात माझा हात कुणी धरत नसे. डॉक्टरसाहेब नवीन रुग्ण आला की म्हणायचे, "मेश्राम दीदी के पास बैठा दो, वो समझा देगी." मीही पदर खोचून बसायचे. ज्याचा जो धंदा, त्यातलं उदाहरण द्यायचं. शिंपी असेल तर अस्तराचं, हलवाई असेल तर चाळणीचं. लोक मान डोलवायचे आणि मला वाटायचं, बघा, मला जमतं.

गमतीची माणसंही पुष्कळ भेटली. समता कॉलनीतले एक शेठजी होते. दोन डायलिसिसच्या मध्ये जितकं वजन वाढतं तितकं पाणी मशिनला ओढावं लागतं, म्हणून आल्याआल्या आधी वजनकाटा. शेठजी काट्यावर चढण्यापूर्वी चपला काढायचे, घड्याळ काढायचे, चष्मा काढायचे, खिशातल्या किल्ल्या काढून माझ्या टेबलावर ठेवायचे. तरी वजन तीन किलो वर. मी विचारायचे, शेठजी, आता काय दात काढता का? मे महिन्यात रायपुरात एक लिटर पाण्यात दिवस काढून बघा म्हणजे त्यांच्यावर रागवावंसं वाटणार नाही. मी रागवायचे, पण घरी गेल्यावर माठातलं पाणी पिताना मला त्यांची आठवण यायची.

आणि एक गुरुजी होते, लांबच्या गावाचे. त्यांना आठवड्यातून दोनदा रायपूरला येणं जमण्यासारखं नव्हतं. त्यांच्या पोटात एक नळी बसवली होती. आपल्या पोटाच्या आत आतड्यांना धरून एक पातळ पडदा असतो, तोच किडनीचं काम थोडंफार करू शकतो. त्यात साखरेचं पाणी भरायचं, काही तास राहू द्यायचं आणि मग कचऱ्यासकट बाहेर काढायचं. दिवसातून चार वेळा, घरच्या घरी, तोंडाला फडकं बांधून, हात धुऊन. बाहेर आलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची आणि पिशवीतून अक्षरं वाचता आली पाहिजेत, म्हणजे आत सगळं स्वच्छ. गुरुजी रोज फोन करून मला एक मथळा वाचून दाखवायचे. एके सकाळी म्हणाले, "दीदी, आज अक्षर धुंधला है." मी म्हटलं, चष्मा पुसा. म्हणाले, पुसला. त्याच दिवशी त्यांना गाडीत घालून आणवलं. पोटात जंतू शिरले होते, पण वेळेवर आले म्हणून वाचले. नंतर तीन वर्षं मला बातम्या मिळत राहिल्या.

पण मला लिहायचंय ते प्रमोदबद्दल.

प्रमोद सिलतऱ्याच्या एका कारखान्यात क्रेन चालवायचा. एकोणतीस वर्षांचा, अंगानं मजबूत. लहानपणीच्या कुठल्या तरी दुखण्यानं किडन्या हळूहळू गेल्या आणि घरच्यांना कळलं तेव्हा काही उरलं नव्हतं. घरचे म्हणजे एकटी आई, अनसूयाबाई. त्याही मूळच्या भंडाऱ्याकडच्या, नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर पुरानी बस्तीतल्या दोन खोल्यांत मायलेक राहायचे. मी मराठी बोलते हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की जणू पोरगा बराच झाला. प्रमोदला मराठी कळायचं सगळं, पण उत्तर हिंदीत. आमच्याकडची सगळी पोरं तशीच.

पहिल्या आठवड्यात मी अनसूयाबाईंना पथ्य समजावायला बसले. पाणी मोजून, मीठ कमी, फळं जवळजवळ बंद. नारळपाणी तर विषासमान, आणि आपल्याकडे दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण तेच घेऊन येतो. सगळ्यात मोठा धोका पोटॅशियमचा. ते शरीरात हवंच, पण ते राहतं पेशींच्या आत. प्रत्येक पेशीला पडदा असतो आणि तो पोटॅशियमला आत धरून ठेवतो. रक्तात ते थोडंच असतं, आणि तिथे वाढलं की हृदयाचा ठोका बिघडतो, थांबतोही. भाज्यांचंही तेच. पोटॅशियम भाजीच्या पेशींत कोंडलेलं असतं. चिरून भरपूर पाण्यात उकळलं की पेशींचे पडदे फाटतात आणि ते पाण्यात उतरतं. ते पाणी काढून टाकायचं आणि मग भाजी फोडणीला घालायची.

अनसूयाबाईंनी विचारलं, "पाणी काहून काढाचं, दीदी?"

मला उदाहरण सुचलं आणि मी खूश झाले. मी म्हटलं, मावशी, तुम्ही भात शिजवता, वरचं पाणी पसवता. भाताची सगळी ताकद त्या पसियात, पेजेच्या पाण्यात, उतरते की नाही? तसंच भाजीतलं जे असतं ते पाण्यात उतरतं. म्हणून ते पाणी भाजीत ठेवायचं नाही.

त्या म्हणाल्या, "हव. समजलं मले."

मीही पुढच्या रुग्णाकडे वळले.

पुढचे दोन महिने बरे गेले. प्रमोद सोमवारी आणि गुरुवारी यायचा, चार तास मोबाइलवर क्रिकेट बघायचा, वजन इतकं नेमकं आणायचा की मी शेठजींना त्याचं उदाहरण द्यायचे. मग थंडी पडली. थंडीत रायपूरचे बाजार भाज्यांनी भरून जातात. लाल भाजी, मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा पाला, पालक, मेथी. अशाच एका सोमवारी प्रमोद भिंत धरून आत आला. म्हणाला, पाय उचलत नाहीत. मी नाडी बघितली तर चाळीस. कागदावर हृदयाचा आलेख काढला, त्यावरची टोकं तंबूसारखी उभी होती. रक्तातलं पोटॅशियम सातच्या वर. पाचच्या आत असायला हवं.

अशा वेळी आधी कॅल्शियमचं इंजेक्शन देतात, हृदय सांभाळायला. मग इन्सुलिन आणि बरोबर ग्लुकोज. साखर नसलेल्या माणसाला इन्सुलिन कशाला, असं नातेवाईक विचारतात. इन्सुलिन पेशींकडून काम करून घेतं. त्यांच्या पडद्यातले पंप जोर धरतात आणि रक्तातलं पोटॅशियम आत ओढून घेतात. त्यानं ते शरीराबाहेर जात नाही, तासा-दोन तासांची उसंत मिळते, आणि तेवढ्यात मशीन सुरू करायचं. आम्ही सुरू केलं. संध्याकाळपर्यंत तो उठून बसला.

मग मी त्याला झाडला. सगळ्यांसमोर. केळी खाल्लीस ना? नारळपाणी प्यालास? तो म्हणाला, माँ कसम दीदी, कुछ नहीं खाया. मी म्हटलं, या खुर्चीवर बसणारा प्रत्येक जण आईचीच शपथ घेतो. शेजारच्या खुर्चीवरचे शेठजी हसले. प्रमोदच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला आणि गुरुवारी आला तेव्हा माझ्याशी कामापुरतंच बोलला.

तीन आठवड्यांनी पुन्हा सोमवार आणि पुन्हा तेच. या वेळी काट्यापर्यंतही पोचला नाही, दारातच खाली बसला. त्याला पलंगावर घेतलं आणि माझ्या डोळ्यांसमोर मॉनिटरवरची ठोक्यांची रेघ सरळ झाली. मी उंचीनं कमी, म्हणून स्टुलावर चढले आणि त्याची छाती दाबायला लागले. किती वेळ दाबली सांगता येत नाही. दुसऱ्यांनी सांगितलं म्हणून कळलं की मी मोठ्यानं आकडे मोजत होते आणि रडत होते. ठोका परत आला. बाहेर बाकावर अनसूयाबाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

पाच दिवसांनी प्रमोद घरी गेला. जाताना त्यानं मला बघून तोंड फिरवून घेतलं. मला झोप येईना. खोटं बोलणारे रुग्ण मी शेकड्यानं बघितले होते. चोरून खाणारा माणूस पहिल्या वेळी मरता मरता वाचला की भितो, निदान दोन महिने तरी. आणि वजन? चोरून खाणारा पाणीही चोरून पितो. याचं वजन मात्र नेमकं.

रविवारी मी पुरानी बस्तीत त्यांच्या घरी गेले. प्रमोद आतल्या खोलीत खाटेवर पडला होता, मधलं दार उघडं होतं. अनसूयाबाई स्वयंपाकाला लागल्या होत्या. मी तपासायला आले आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्यांना उलट आनंद झाला. आपली मेहनत दाखवायची होती त्यांना. बघा दीदी, बटाटा चिरला, पालक चिरला, थोडा मुनग्याचा पाला. भरपूर पाणी. खळखळ उकळलं. मग चाळणीत ओतलं. सगळं पाणी निथळलं. मी सांगितल्याप्रमाणे तंतोतंत. भाजी नुसता चोथा झाली होती. मी मान डोलवत होते.

चाळणीखाली पातेलं होतं. हिरवट पाणी. अनसूयाबाईंनी त्यात चिमूटभर जिरं टाकलं, ते पेल्यात ओतलं आणि पेल्यावर ताटली झाकली.

"हे कोणासाठी?" मी विचारलं.

"प्रमोदसाठी. रोज देतो ना मी, दोन टाइम. तुमीच त सांगतलं, ताकद पाण्यात उतरते म्हणून. भाजी जड जाते त्याले, म्हणून चोथा ठेवाचा आन् ताकद पेल्यात द्याची." मग घाईनं पुढे म्हणाल्या, "एक लिटरच्या मापातच बसवतो बरं, वरून थेंब नाही देत."

मला सगळं एकदम दिसलं. पसिया आमच्याकडे कुणी फेकत नाही. बाळंतिणीला देतात, आजाऱ्याला देतात, काही नसलं तर मीठ टाकून गड्याला देतात. मी स्वतः लहानपणी तापात तेच प्यायले आहे. आणि मी या बाईला, जिचा पोरगा डोळ्यांदेखत वाळत चालला होता, सांगितलं होतं की हे पाणी म्हणजे पसिया. ती ते मोरीत कशी ओतणार? थंडीत पालेभाज्या वाढल्या तसं त्या पेल्यातलं पोटॅशियमही वाढत गेलं. वजन वाढलं नाही म्हणून मापातलं पाणी कुठलं ते आम्ही विचारलं नाही. चोरून खाल्लं काय एवढंच विचारत राहिलो, आणि त्यानं खरोखर काही खाल्लं नव्हतं.

मी पेला हातात घेतला. म्हटलं, मावशी, हे त्याला नाही द्यायचं. हे ओतून टाकायचं. यातच सगळं पोटॅशियम आहे.

अनसूयाबाई शिकलेल्या नव्हत्या, पण मंद मुळीच नव्हत्या. त्यांनी पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला.

"मंग याच्यानंच झालं का, दीदी? मीच पाजलं का त्याले?"

माझ्या तोंडाशी उत्तर होतं. चूक तुमची नाही, माझी आहे, असं मी सांगणार होते. पण ते सांगितल्यानं काय होणार होतं? चूक कुणाचीही असो, पेला तर त्यांच्या हातून गेला होता. तीन महिने, रोज दोन वेळा, जिरं घालून. ही गोष्ट घेऊन ती बाई पुढे एक दिवस तरी चुलीपाशी उभी राहू शकली असती का, मला माहीत नाही. तरी मला खोटं बोलता येईना. पेला अजून माझ्या हातातच होता.

आतल्या खोलीतून आवाज आला. "नहीं माँ. केला खाया था मैंने."

आम्ही दोघी वळलो. प्रमोद कोपरावर रेलून उठला होता. त्याच्या ओठांना रंग नव्हता.

"ड्यूटी वाले दोस्त लाए थे. दो बार खाया, दोनों बार बिगड़ा. दीदी सही बोल रही थी. डर के मारे नहीं बताया."

अनसूयाबाईंनी श्वास सोडला. आणि मग त्यांनी त्याला असा फैलावर घेतला की गल्लीतल्या बायका दारात आल्या. जिभेले हाड नाही तुह्या, मायले मारून टाकतं का, या बाईनं स्टुलावर चढून जीव वाचवला तुहा आन् तू तिच्याशी खोटं बोलतं. प्रमोद मान खाली घालून ऐकत होता. महिनाभर ज्या आरोपापायी तो माझ्याशी धड बोलला नव्हता, तोच त्यानं आपल्या हातानं उचलून अंगावर घेतला. मध्ये एकदा त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पेला मोरीत रिकामा केला आणि विसळून पालथा घातला.

अनसूयाबाईंना मी सांगितलं की आता औषध बदललं आहे, त्याच्याबरोबर हे पाणी चालत नाही, इथून पुढे टाकून द्यायचं. आधीचं काही बाधलं नाही. त्या म्हणाल्या, "हव, टाकतो." सगळ्या नोकरीत रुग्णाच्या नातेवाइकाशी मी जाणूनबुजून बोललेलं ते एकच खोटं.

डॉक्टरसाहेबांना मी दुसऱ्याच दिवशी खरं सांगितलं. ते म्हणाले की हे उदाहरण त्यांनाही फार आवडायचं, त्यांनीही दोघातिघांना दिलं होतं. त्या सगळ्यांना आम्ही फोन केले. त्या दिवसापासून मी माझी पद्धत बदलली. समजावून झालं की मी विचारायचे, आता तुम्ही मला सांगा, घरी जाऊन काय काय कराल, अगदी भांडं चुलीवरून उतरवल्यापासून. "समजलं" या शब्दावर मी पुन्हा कधी विश्वास ठेवला नाही. नवीन मुलींना मशीन शिकवायच्या आधी मी हे शिकवलं, आणि त्यातल्या दोघींनी आपापल्या गावच्या अशा चुका पकडल्या की मला सुचल्याही नसत्या.

त्या गुरुवारी प्रमोदला सुई लावताना मी त्याची माफी मागितली. सगळ्यांसमोर झाडलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर मागणार होते, पण त्यानं हातानं थांबवलं. हळूच म्हणाला, किसी को मत बताना दीदी, घूम के माँ तक पहुँच जाएगी बात. अनसूयाबाईंकडून केळ्याची गोष्ट ऐकलेल्या शेठजींनी शेजारून विचारलं, क्यों भैया, केला मीठा था? प्रमोद म्हणाला, बहुत.

पुढे अनसूयाबाई युनिटमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या आईला धरून पथ्य शिकवायच्या आणि शेवटी प्रमोदकडे बोट दाखवायच्या, "यानं चोरून केळं खाल्लं होतं, विचारा दीदीले." मी मशिनची नळी तपासायला लागायचे. माझ्या निवृत्तीपर्यंत असं सात वर्षं चाललं. या सात वर्षांत प्रमोदचं पोटॅशियम पुन्हा कधी सहाच्या वर गेलं नाही. मला लोक म्हणतात की तुम्ही त्याचा जीव वाचवला. छाती दाबणं हे शिकवलेलं काम आहे, कुणीही केलं असतं. त्यानं त्या रविवारी खाटेवरून जे केलं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं आईला वाचवलं आणि मलाही वाचवलं, आणि त्याबद्दल मी त्याचे आभार आजवर नीट मानलेले नाहीत. ते इथे मानते.

अनसूयाबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यामुळे प्रमोदला विचारून हे लिहिलं आहे, नावं तेवढी बदलली आहेत. जायच्या चार दिवस आधी त्यांनी निरोप पाठवून मला बोलावलं होतं. मी निवृत्त झाले होते. आवाज बसला होता, पण शुद्धीवर होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "याच्या जिभेले ताबा नाही, दीदी. माह्या मागं तुमी लक्ष ठेवजा." मी म्हटलं, ठेवते. प्रमोद पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपत होता. त्या पुढे म्हणाल्या, "माह्या हातचं मातर याले कधी बाधलं नाही."

प्रमोदनं पाय चेपणं थांबवलं नाही. म्हणाला, "हव माँ. कभी नहीं."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही म्हटलं, हव.